पहिले शील आणि घरातला शिपाई



दीक्षा घेऊन ज्या घरांना फार दिवस झालेले नाहीत, अशा घरांतून एक प्रश्न वारंवार पुढे येतो. पुष्कळदा तो विहारात सर्वांसमक्ष विचारला जात नाही. वंदना संपल्यावर, चपला पायात घालताना, हळू आवाजात विचारला जातो. घरातला मुलगा फौजेत आहे. आई-बाप रोज पंचशील म्हणतात. त्यातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे. मग आपण रोज सकाळी खोटे बोलतो की काय? शेजारचे लोकही टोचून बोलायला कमी करीत नाहीत. 'बुद्धाचे झालात, आता बंदूक खाली ठेवा,' असे म्हणणारे भेटतात. आणि 'तुमचा धर्म अहिंसेचा, तुम्ही देशाच्या काय कामाचे?' असे म्हणणारेही भेटतात.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत. एक म्हणजे, देशाचे काम आहे, त्यात शीलाचा विचार आणू नये. दुसरे म्हणजे, फौज हे पापाचे ठिकाण आहे, मुलाला परत बोलवावे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला फार स्वस्त पडतात. कारण पहिल्यात विचार करावा लागत नाही आणि दुसऱ्यात पोट भरावे लागत नाही. ज्याच्या घरचा पोरगा बर्फात उभा आहे त्याने यांतले कोणते घ्यावे? मला वाटते, एकही घेऊ नये.

प्रथम तथागतांकडे हा प्रश्न कसा आला ते पाहा. संयुक्त निकायात योधाजीव नावाच्या एका नायकाची हकीगत आहे. लढणे हाच त्याचा धंदा. त्याने भगवंतांना विचारले की, आमच्या परंपरेचे जुने आचार्य सांगत आले आहेत की जो शिपाई रणात जिवाची पर्वा न करता लढतो आणि लढताना मारला जातो, तो देवांच्या सहवासात जन्म घेतो. आपले म्हणणे काय? भगवान म्हणाले, हे विचारू नकोस. त्याने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तथागतांनी गोड खोटे सांगितले नाही. समोरचे लोक मरोत, कापले जावोत, असा विचार ज्याच्या चित्तात भरलेला असतो त्याचे चित्त आधीच खाली गेलेले असते. त्याला स्वर्ग नाही, दुर्गती आहे. आणि स्वर्ग मिळतो ही समजूतच मिथ्यादृष्टी आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा तो शिपाईगडी रडू लागला. भगवान म्हणाले, म्हणूनच मी विचारू नकोस म्हणत होतो. त्यावर तो म्हणाला की मी आपल्या उत्तराने रडत नाही. इतकी वर्षे त्या आचार्यांनी मला फसवले म्हणून रडतो.

हे रडणे नीट समजून घेतले पाहिजे. त्या शिपायाला मरणाची भीती नव्हती. आपल्या मरणाची किंमत म्हणून त्याच्या हातात जे नाणे ठेवले होते, ते खोटे निघाले, याचे त्याला दुःख झाले. (दुर्गती म्हणजे जमिनीखालची कढई असे समजण्याचे आपल्याला कारण नाही. मारण्याच्या इच्छेने भरलेले चित्त ही दुर्गती इथेच, याच देहात भोगावी लागते.)

ते खोटे नाणे कसे पाडले जात असे, ते मीरा-भाईंदरच्या वाचकांना लांब जाऊन पाहावे लागत नाही. मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणारी गाडी धरली की दहिसरनंतर बोरिवली. तिथल्या एक्सर गावात दगडी वीरगळ उभे आहेत. शिलाहार-यादवांच्या काळातले हे दगड. त्यांवर खालच्या पट्ट्यांत लढाई कोरलेली आहे, नावांची, वल्ह्यांची, पाण्यातल्या लढाईची सुद्धा. आणि वर वर पाहत गेलो की मेलेल्या वीराला अप्सरा उचलून नेतात आणि तो कैलासाला पोचतो. कारागिरी उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालच्या पट्टीत जो तुडवला गेला तो वरच्या पट्टीत कधी येत नाही. आणि ज्याच्यासाठी दगड उभा राहिला त्याची बायको-पोरे पुढे काय खाऊन जगली, यासाठी दगडावर पट्टीच ठेवलेली नाही. राजाला शिपाई हवे असतात. शिपाई मेल्यावर त्याच्या घराला धान्य देण्यापेक्षा त्याला स्वर्ग देणे राजाला केव्हाही परवडते.

म्हणजे तथागत शिपायाचे शत्रू होते काय? तसे मुळीच नाही. वैशालीचा सिंह सेनापती हा लिच्छवींच्या फौजेचा प्रमुख. तो पूर्वी निगंठांचा अनुयायी होता. तो उपासक व्हायला आला तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की तुझ्यासारख्या नामांकित माणसाने नीट विचार करूनच पाऊल टाकावे. आणि उपासक करून घेतल्यावर असेही सांगितले की आजवर ज्या निगंठांना तुझ्या घरी अन्न मिळत आले त्यांचे ते बंद करू नकोस. नवदीक्षित घरांनी हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवावा, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय इतकाच की, सेनापतिपद सोडून ये, अशी अट त्याला घातल्याचे कुठे दिसत नाही. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत ते तथागतांनी सांगितले आहे. त्यात शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार येतो. शस्त्र विकून नफा कमावणारा त्या यादीत आहे. शस्त्र घेऊन वेशीवर उभा राहणारा त्या यादीत नाही. हा फरक मला लहान वाटत नाही. लढाई लांबली तर पहिल्याचा फायदा होतो. दुसऱ्याचा जीव जातो.

आणखी एक गोष्ट विनयात आहे. मगधाच्या सीमेवर बंडाळी झाली तेव्हा बिंबिसाराचे काही शिपाई, लढाईत पाप घडेल म्हणून, जाऊन भिक्खू झाले. राजाने तक्रार केली. त्यावर राजाच्या नोकरीतल्या शिपायाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. हा नियम वाचून पुष्कळांना वाईट वाटते. मलाही तो सहज गिळता येत नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. संघ ही राजाच्या फौजेला सुरुंग लावण्याची जागा नव्हे, आणि चीवर ही कर्तव्यातून निसटण्याची पळवाट नव्हे, अशी मर्यादा तेव्हा घातली गेली. त्या शिपायांच्या मनातली टोचणी मात्र खरी होती, हेही विसरू नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीगत दिली आहे ती याच प्रश्नाभोवती फिरते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचे भांडण. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोध करतो. दोन्हीकडचे दोन दोन पंच नेमावेत, त्यांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असे सुचवतो. ठराव बहुमताने त्याच्या विरुद्ध जातो. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने फौजेत यावे असा हुकूम निघतो आणि सिद्धार्थ नकार देतो. तेव्हा संघ त्याला धमकी देतो ती नीट ऐका : तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू, तुमची जमीन जप्त करू. सिद्धार्थ म्हणतो, जी शिक्षा ती मला एकट्याला द्या, त्या निरपराध माणसांना उपाशी मारू नका. आणि स्वतः देशत्याग पत्करतो.

वाचकहो, बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ही हत्यारे आपल्या वाडवडिलांच्या ओळखीची आहेत. म्हणूनच ही हकीगत आपल्याला परकी वाटत नाही. पण तिच्यातला बारकावा असा की सिद्धार्थाने आधी सभेत उभे राहून वाद केला, तोडगा दिला, हरला, आणि मग आपल्या नकाराची किंमत स्वतः मोजली. युद्ध नको म्हणणाऱ्याने किती करावे याचे हे माप आहे. घरात बसून शिपायाला नावे ठेवणे या मापात कुठेच बसत नाही.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा उलगडा केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो, एक तर तो तुम्हाला मोडतो नाहीतर तुम्ही त्याला मोडता. तत्त्व मात्र विचार करून वागायला जागा ठेवते. आणि मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. जिथे इच्छेखेरीज दुसरे काही नाही तिथे बुद्धाने मनाई केली आहे.

हे वाचून काहीजण सुटकेचा श्वास सोडतात. इतक्या लवकर सोडू नये. जगात आजवर जितकी युद्धे झाली त्यांतल्या प्रत्येक युद्धाला कुणीतरी 'गरज' म्हटलेलेच आहे. इच्छा ही नेहमी गरजेचा अंगरखा घालून येते. म्हणून बाबासाहेबांनी दिलेली ही फूटपट्टी आहे, परवाना नाही. ती लावायची कुणी? जो सीमेवर उभा आहे त्याच्या हातात युद्ध करावे की नाही हे नसते. ते आपण निवडून दिलेल्या माणसांच्या हातात असते, म्हणजे शेवटी आपल्या मतांत असते. शिपायाच्या हातात त्याहून लहान पण त्याची स्वतःची अशी गोष्ट असते : हात वर केलेल्यावर गोळी झाडायची की नाही, मेलेल्याची विटंबना करायची की नाही, आपल्या माणसाचा सूड भलत्याच माणसावर उगवायचा की नाही. पहिले शील त्याला तिथे विचारते. घरातल्यांना ते वेगळ्या ठिकाणी विचारते. बातम्या लागल्या की 'आणखी मारायला हवे होते' असे जे सहज तोंडून निघते, तिथे. खंदकातला मुलगा गरजेने मारतो आणि सोफ्यावरचा बाप इच्छेने मारतो, असेही होऊ शकते.

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळू. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथे इंग्रजांच्या बाजूचे आठशेच्या आसपास लोक दिवसभर पेशव्यांच्या फौजेशी लढले. नदी जवळ, पण पाण्यापर्यंत जाता येईना. रात्र पडेपर्यंत पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. तिथल्या स्तंभावर मेलेल्यांपैकी 49 जणांची नावे आहेत आणि त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते. आपण दरवर्षी जातो.

तिथे आपण कशाला मान देतो, हे मुलांना नीट सांगायला हवे. माणसे कापली गेली याला मान नव्हे. समोरच्या बाजूलाही अरब होते, गोसावी होते, मराठे होते, त्यांच्याही आया होत्या. ज्यांची सावलीही चालत नव्हती त्यांची नावे दगडावर आली, सावलीतल्या माणसाला नाव मिळाले, हा त्या स्तंभाचा अर्थ. आणि लगेच पुढचे पान उघडावे. ज्यांनी रक्त घेतले त्याच इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली. लढाऊ जात नाही म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि 1921 साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती मात्र टिकली.

हे अर्ज करणारी माणसे रक्ताला हपापलेली होती काय? त्यांना पगार हवा होता, पेन्शन हवे होते, आणि पलटणीच्या शाळेत मुलाला बसवायला जागा हवी होती. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. वडील सुभेदार रामजी हे फौजेच्या शाळेत शिकवीत. गावच्या शाळेच्या पायरीवरून ज्यांना हाकलले जाई, त्यांना अक्षर भेटले ते छावणीत. म्हणून आपल्या समाजाने फौजेकडे पाहिले ते माणुसकीचा दरवाजा म्हणून. दरवाजाच्या आत मात्र तोफ होती, हेही तितकेच खरे. आजही गरिबाचा मुलगा भरतीच्या मैदानात पहाटे धावतो तेव्हा त्याच्या मनात आधी घरचे छप्पर असते. हे मान्य करायला लाज वाटू नये. आणि देशप्रेमाचे भाषण करणाऱ्यांनी हे विसरूही नये.

आपल्या या किनाऱ्यानेही भयंकर लढाई पाहिली आहे. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर, चौकजवळ धारावीचा किल्ला होता. 1739 च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यामुळे खाडीपलीकडच्या वसईची कोंडी पुरी झाली. मे महिन्यात वसई पडली. सुरुंग लावून बुरूज उडवायचे, पडलेल्या खिंडारातून माणसे आत लोटायची, वरून गोळे आणि जळते सामान अंगावर पडायचे, पुन्हा माणसे लोटायची. मराठ्यांकडचीच हजारो माणसे त्यात पडली. शरण आलेल्या पोर्तुगिजांना बायका-मुले आणि चीजवस्तू घेऊन जाऊ दिले, हे विजेत्याला शोभण्यासारखे झाले; ते मोकळेपणाने सांगावे. देवीला बोललेला नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, तेही आज उभे आहे. पण खिंडारात पडलेल्या त्या हजारोंची नावे मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या कुणालाही सांगता येणार नाहीत. त्यांच्या घरी पत्र गेले नाही. घरच्यांनी किती पावसाळे वाट पाहिली असेल?

लढाईचा हिशेब घरापर्यंत नेणारा राजा या देशात एकच झाला. कलिंगाच्या युद्धात एक लाख मारले गेले, दीड लाख माणसे हलवून नेली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेले, हे सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवले. त्यापुढे तो जे म्हणतो ते अधिक मोलाचे आहे. आई-बापांची सेवा करणारी, नोकरचाकरांशी नीट वागणारी साधी माणसे सुद्धा युद्धात मारली जातात किंवा आपल्या माणसांना दुरावतात. आणि ज्यांना स्वतःला इजा झाली नाही त्यांच्याही मित्रांवर, आप्तांवर संकट आले की तो घाव त्यांनाच लागतो, असे त्याने लिहिले. जिंकलेल्या राजाने हरलेल्यांच्या घरातल्या रिकाम्या जागा मोजल्या. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या शेजारी सोपाऱ्यातही मिळाले आहेत. 1882 साली भगवानलाल इंद्रजींना तिथे आठव्या लेखाचा तुकडा सापडला, आणि 1956 साली भुईगावला नवव्याचा. 1956 हे साल आपल्याला वेगळे सांगायला नको. भाईंदरहून नालासोपारा तिसरे स्टेशन. सुट्टीच्या दिवशी मुलांना तिथल्या स्तूपापाशी जरूर न्यावे.

आणि मीरा रोड. 7 ऑगस्ट 2018 रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरी रोखताना मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांच्यासोबतचे तीन जवान मारले गेले. मेजर राणे मीरा रोडचे, वय 29. त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी इथल्या पुष्कळांना आठवत असेल. मागे आई-बाप, पत्नी आणि एक लहान मूल. त्या घराचे दुःख त्या घराचे आहे. त्यावर आपण काही शिकवण लादणे बरे नव्हे. एवढी मात्र जाहीर गोष्ट आहे की त्यांच्या पत्नीने परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतले आणि 2020 साली त्या स्वतः फौजेत अधिकारी झाल्या. धर्म कोणताही असो, आपल्या समाजाने तरुण विधवेसाठी जो कोपरा राखून ठेवला होता त्यात त्या बसल्या नाहीत.

तो कोपरा केवळ गावातच होता असे नाही, सरकारी कागदातही होता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद होई. दिराशी लग्न केले तर मात्र चालू राही. ही अट संरक्षण मंत्रालयाने 2017 च्या नोव्हेंबरात काढून टाकली. म्हणजे इतकी वर्षे नवऱ्याच्या शौर्याचा पैसा बाईला तिने त्याच घरात राहावे म्हणून दिला जात होता. मनू गेला असे आपण म्हणतो. तो असा कलमांच्या मागे बसलेला असतो.

तेव्हा, भगिनींनो, आपल्या एखाद्या घरावर हा प्रसंग आला तर काय करावे? बांगड्या फोडायला कुणी पुढे सरसावले तर त्या हाताला धरावे. 'स्वर्गात गेला' असे आईला सांगू नये. योधाजीवाला जे तथागतांनी सांगितले नाही ते आपण कोण सांगणार? परित्राण पाठ होऊ द्यावा, जलदानाला माणसे जमू द्यावीत, पण त्याच आठवड्यात पेन्शनचे कागद कोण पाहणार, ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सुनेबरोबर कोण जाणार, हेही ठरवावे. रक्कम आली की सासर आणि माहेर यांच्यात ओढाताण सुरू होते. पुष्कळ घरे मरणाने नव्हे, त्या ओढाताणीने मोडतात. विहारातल्या वडीलधाऱ्यांनी तिथे बोलले पाहिजे आणि सुनेच्या बाजूने बोलले पाहिजे.

जो मेला नाही, परत आला, त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. सुट्टीवर आलेला मुलगा रात्री जागा राहतो, फटाका वाजला की दचकतो, विचारले तर बोलत नाही. त्याने काय पाहिले, काय केले, हे त्याला ठाऊक. त्याला 'तू शूर आहेस, विसरून जा' असे म्हणणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे. 'तुला पाप लागले' म्हणणे म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर काढणे. अंगुलीमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती तो बदलला इथे थांबवतो. त्याच्यापुढचा भाग असा की भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत. तो डोके फुटून, रक्त गळत परत आला. तथागतांनी त्याला तू निष्पाप आहेस असे सांगितले नाही, आणि जवळूनही दूर केले नाही. सहन कर, म्हणाले. अंगुलीमाल आणि शिपाई एक नव्हेत, हे उघड आहे; अंगुलीमालाने इच्छेने मारले होते. पण ज्याच्या हातून जीव गेला आहे त्याच्याजवळ कसे बसावे, हे त्या प्रसंगातून कळते. घरात त्याच्याशी बोलणारे एक माणूस असावे, जे ऐकताना तोंड फिरवणार नाही. झोप महिनोन्महिने येत नसेल तर डॉक्टरला दाखवावे. दारूच्या बाटलीला औषध समजू नये. पाचवे शील तिथे उपयोगी पडते, आणि फौजेतून आलेल्या पुष्कळ घरांना ते पहिल्यापेक्षा अवघड जाते.

त्याने सकाळी वंदनेला बसावे का, असेही विचारतात. जरूर बसावे. शील ही आपण पवित्र झाल्याची पावती नसून, मी यापासून दूर राहण्याचा यत्न करीन अशी कबुली असते. आणि ज्याने मरण जवळून पाहिले आहे त्याच्या तोंडी पहिल्या शीलाचे शब्द तुमच्या-माझ्यापेक्षा जड असतात. तो ते म्हणताना मध्येच अडखळला तर बाकीच्यांनी आवाज वाढवून पुढे जाऊ नये, तो पुन्हा सुरू करीपर्यंत थांबावे.